सोळा मुठी

बिस्किटांचा निळा डबा,
त्यावर चिकटपट्टी : 'सोळा. थोरवाल्डसनच्या.'
हलवला की खोटी नाणी वाजावीत तसा वाजतो.
पितळेचा नुसता रंग, आतून पोकळ मुठी.

लेस्या तो नऊ वर्षांनी उघडते आहे.
भाडेकरारात एक ओळ
घरमालकानं मागाहून पेनानं घातलेली :
जाताना स्वयंपाकघर जसं होतं तसं.

जसं होतं तसं.
कसं होतं, ते आठवायला
ती जरा ओट्याला टेकते.
मातकट कपाटं. काचेपलीकडे विनिपेगचा जानेवारी,
उणे एकतीस.
कडेवर दारिना, आणि पहिल्यांदाच
कप कुठल्या फळीवर ठेवायचे
हे कुणालाही न विचारण्याची चैन.

त्याच महिन्यात पहिली मूठ आणली.
जुन्या वस्तूंच्या दुकानातून, पाऊण डॉलरला,
हिरव्या काचेची.
जिच्यावरून उतरवली ते टेबल दुकानात नव्हतंच.
स्क्रू लांब निघाला.
दोन वायसर घातले तरी लुटलुटत राहिली,
तिसऱ्यानं बसली.

मग चटकच लागली.
पगाराच्या दिवशी एक.
एकसारख्या दोन कधी नाहीत.
चमच्यांच्या खणाला चिनीमातीची, टवका उडालेली.
पिठाच्या कपाटाला बर्चची,
शेजारच्या आब्राम क्लासननं लेथवर कातलेली.
'बुद्धिबळातला हत्ती करत होतो,
हात चुकला,' म्हणाला.
सिंकखालच्या दाराला सायकलच्या घंटीची वाटी.
साबणाच्या पुड्यामागे चॉकलेट असायचं,
मध्यरात्री टिंग झालं
की लेस्या अंथरुणातूनच म्हणायची, एकच घे.

येणारे-जाणारे विचारत, कपाटं नवी केलीस?
ती हो म्हणे.
दारं तीच, ओलीनं फुगलेली,
बिजागऱ्यांची कुरकुर तीच.
हात पडतो तेवढीच जागा तिची.
नाण्याएवढी. सोळा ठिकाणी.

आज दुपारभर स्क्रूड्रायव्हर.
एकेक मूठ उतरते
आणि खाली दिसतो एक गोल,
तेलाचा, वाफेचा, बोटांचा स्पर्श न झालेला
मूळचा मातकट रंग.
थोरवाल्डसनच्या मुठी आकारानं लहान.
त्या लावल्या तरी भोवती कडं उरतंच.
पुसून जात नाही. ती पुसतही नाही.

पंधरा बसल्या.
डबा रिकामा.
ती चिकटपट्टी पुन्हा वाचते : सोळा.
ओट्याखाली बघते, पुठ्ठ्याच्या खोक्यात, कोटाच्या खिशात,
आणि मग आठवतं :
दारिना सात वर्षांची, अंगणात बर्फाचा माणूस,
घरात गाजर नव्हतं.
एप्रिलमध्ये माणूस आणि नाक
एकाच पाण्यानं गटारात गेले.

पाचला थोरवाल्डसन आला.
बूट दाराशी काढले, नळ सोडून पाहिला,
ओव्हनमध्ये डोकं घातलं,
सगळी कपाटं उघडली.
सिंकखालचं उघडलं :
टिंग.
तो वाकलेलाच राहिला.
लावलं. उघडलं.
टिंग.
वहीत लिहिलं, एक मूठ कमी, चार डॉलर वजा.
मग जाता जाता आणखी एकदा.

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात.
लेस्याच्या लोकरी हातमोज्यात पंधरा आहेत,
सगळ्या मिळून तीसएक डॉलरच्या,
आणि कोटाचा डावा खिसा
त्यांच्या वजनानं खाली ओढला गेलाय.

नव्या घरातली कपाटं पांढरीशुभ्र, सपाट.
मूठ नाही, कडी नाही, भोकसुद्धा नाही.
नुसतं दाबलं की उघडतात.
दारिनाला फार आवडली.

गाडीत सगळ्यात शेवटी ठेवलेल्या
खोक्यात, अगदी वर,
ड्रिल आहे.